गवती छप्पर : वारसा की ‘कच्चे घर’?
हार्डीचे कॉटेज आणि यवतमाळ जिल्ह्यातील कोलाम घर यांच्या वास्तुरचनेची तौलनिक चिकित्सा

प्रस्तावना

इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात हायर बॉकहॅम्पटन नावाची लहानशी वस्ती आहे. तेथे इ.स. १८०० च्या सुमारास मातीच्या भिंतींचे आणि काडाने शाकारलेल्या छपराचे एक घर उभे राहिले. व्यवसायाने गवंडी असलेल्या एका कुटुंबाचे ते घर होते. कादंबरीकार व कवी थॉमस हार्डी (१८४०-१९२८) यांच्या पणजोबांनी ते बांधले आणि हार्डी यांचा जन्म तेथेच झाला. ‘अंडर द ग्रीनवुड ट्री’ (१८७२) आणि ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’ (१८७४) या कादंबऱ्यांचे लेखनही याच घरात झाले. १९४८ पासून हे घर नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यात असून ते राष्ट्रीय वारसा म्हणून जतन केले जाते.

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर, मारेगाव, झरी-जामणी, घाटंजी, राळेगाव इत्यादी तालुक्यांत कोलाम जमातीच्या वस्त्या आहेत. या वस्त्यांना ‘पोड’ असे म्हणतात. कुडाच्या लिंपलेल्या भिंती आणि गवताने शाकारलेले छप्पर ही पोडावरील पारंपरिक घराची ओळख होय. या घराची शासकीय नोंद मात्र ‘कच्चे घर’ अशी होते. दोन्ही घरांतील मुख्य साहित्य माती, लाकूड आणि वाळलेले तृण हेच आहे. असे असताना एक घर वारसा ठरते व दुसरे दारिद्र्याचा पुरावा ठरते, याची कारणे कोणती? ही कारणे साहित्याच्या गुणधर्मात आहेत, की त्या घराभोवती असलेल्या सामाजिक व कायदेशीर व्यवस्थेत आहेत? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार दोन्ही वास्तूंची रचना, शासकीय वर्गीकरण आणि स्वतः हार्डी यांचे लेखन यांच्या आधारे केला आहे.

इंग्रजी कॉटेजची रचना

हार्डी यांच्या जन्मघराच्या भिंतींचा गाभा ‘कॉब’चा आहे. कॉब म्हणजे ओल्या मातीत पेंढा व बारीक खडे मिसळून, ती तुडवून, थरावर थर चढवून उभारलेली जाड भिंत. नैऋत्य इंग्लंडमध्ये ही पद्धत शतकानुशतके प्रचलित होती. अशा भिंतीला दोन गोष्टींपासून संरक्षण लागते : खालून चढणारी ओल आणि वरून झिरपणारे पाणी. त्यामुळे पायाला दगडी जोते आणि वर पुढे आलेले छप्पर, ही तिची अपरिहार्य अंगे ठरतात. मातीच्या भिंतीचे आयुष्य तिच्या छपरावर अवलंबून असते. छप्पर गेले की भिंत काही पावसाळ्यांत खचते. छप्पर व भिंत यांचा हा परस्परसंबंध लक्षात घेतल्याशिवाय कॉटेजच्या वास्तुरचनेचे आकलन होत नाही.

छपरासाठी इंग्लंडमध्ये प्रामुख्याने गव्हाचे लांब काड किंवा पाणथळ जागेतील बोरू वापरतात. काडाच्या पेंढ्या वळचणीकडून आढ्याकडे अशा रचत नेतात, की वरच्या पेंढीने खालच्या पेंढीचा बांध झाकला जावा. हेझल या झुडपाच्या चिरलेल्या व पिळलेल्या काठ्यांच्या खुंट्या करून त्या पेंढ्या पक्क्या करतात. छपराचा उतार साधारणतः ४५ अंशांपेक्षा अधिक ठेवतात. इतक्या उतारावर पाणी थांबत नाही. ते काडाच्या टोकाटोकावरून ओघळत जाते आणि आतील थर कोरडा राहतो. पन्हाळ बसवलेले नसल्याने पाणी भिंतीपासून दूर पडावे म्हणून वळचण बरीच पुढे काढलेली असते. माडीवरच्या खोल्यांच्या लहान खिडक्या याच जाड वळचणीखालून बाहेर डोकावतात. कॉटेजचे जे रूप चित्रकारांना मोहक वाटले, त्याचा उगम पाणी निथळण्याच्या या व्यवहारी गरजेत आहे.

येथे एक मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. आज दिसणारे छप्पर हे १८०० मधील छप्पर नव्हे. काडाचे छप्पर काही दशकांत झिजते. आढ्यावरील भाग तर त्याहून लवकर बदलावा लागतो. जुन्या थराचा सडका भाग काढून त्यावर नवा थर चढविण्याची रीत इंग्लंडमध्ये रूढ आहे. या रीतीमुळेच तेथील काही जुन्या घरांत तळाचे थर मध्ययुगापासून टिकून राहिले आहेत. मध्ययुगातील चुलीच्या धुराने काळवंडलेल्या त्या काडात तत्कालीन गव्हाच्या वाणांचे अवशेष अभ्यासकांना सापडले. म्हणजे कॉटेजचे ‘जुनेपण’ हे पुनःपुन्हा केलेल्या नूतनीकरणाचे फलित आहे. साहित्य टिकले म्हणून घर टिकले, असे म्हणण्यापेक्षा साहित्य वेळोवेळी बदलले गेले म्हणून घर टिकले, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

कोलाम घराची रचना

यवतमाळ जिल्ह्याचे हवामान डॉर्सेटहून सर्वस्वी भिन्न आहे. येथे उन्हाळ्यात तापमान ४४-४५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते आणि वर्षभराचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. जिल्ह्याच्या मोठ्या भागात कापसाची काळी जमीन आहे. ही जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीवर उथळ पायाचे जड बांधकाम तडकते. मराठीत शेतजमिनीला ‘काळी’ आणि गावठाणाला ‘पांढरी’ म्हणतात. घर कोठे बांधावे व कोठे बांधू नये, याविषयीचे पिढ्यांचे ज्ञान या दोन शब्दांत साठलेले आहे.

कोलाम घराचा सांगाडा लाकडी खांबांचा असतो. खांबांवर मयाल व आढे आणि त्यावर वासे टेकतात. छपराचा सारा भार या सांगाड्यावर येतो. भिंतीवर तो येत नाही. भिंत म्हणजे बांबूच्या चिरफळ्या विणून केलेला कुड. त्याला दोन्ही बाजूंनी माती व शेण यांचे लिंपण करतात. बांबूच्या टोपल्या व ताट्या विणणे हे कोलामांचे पारंपरिक कौशल्य आहे. त्यामुळे टोपली विणणारे हात आणि भिंत विणणारे हात वेगळे नसतात. जेथे बांबू मिळत नाही तेथे तुराट्या किंवा पऱ्हाट्या वापरल्या जातात. शेतातील पिकाचा उरलेला भाग अशा रीतीने घराची भिंत होतो. कुडाची भिंत हलकी व लवचीक असल्याने जमिनीची हालचाल ती सहन करते. लिंपणाला पडलेली भेग सारवण्याच्या वेळी बुजविता येते.

छपरासाठी जंगलातील व पडीत जमिनीतील उंच गवत हिवाळ्यात कापून, वाळवून, पेंढ्या बांधून ठेवतात आणि पावसाळ्यापूर्वी घर शाकारतात. येथील गवताचा थर इंग्रजी छपराच्या तुलनेत पातळ असतो. शिवाय मुसळधार पाऊस, कडक ऊन आणि उदई यांचा मारा मोठा असतो. म्हणून शाकारणी दशकांनी करून भागत नाही. ती दर एक-दोन वर्षांनी करावी लागते. घरातील चुलीचा धूर छपरातून झिरपत बाहेर पडतो आणि किडीला काही प्रमाणात अटकाव करतो. मात्र हाच धूर घरातील स्त्रीच्या फुप्फुसांत जातो, हेही तितकेच खरे आहे.

उष्णतारोधनाच्या दृष्टीने गवती छप्पर अत्यंत कार्यक्षम आहे. गवताच्या काड्यांत व काड्यांमध्ये अडकलेली हवा उष्णता आत येऊ देत नाही. टिनाचे छप्पर मात्र दुपारी तापून ती उष्णता थेट खाली सोडते आणि काँक्रीटचा स्लॅब दिवसभर शोषलेली उष्णता रात्री उशिरापर्यंत बाहेर टाकीत राहतो. पक्क्या घरकुलाच्या पुढे गवताची किंवा पऱ्हाटीची छपरी टाकून उन्हाळ्याच्या दुपारी तिच्याखाली बसण्याची रीत विदर्भातील खेड्यांत सर्रास आढळते. या छपरीचा उल्लेख घरकुलाच्या नकाशात नसतो. परंतु त्या नकाशावरील सर्वांत नेमकी समीक्षा म्हणून तिच्याकडे पाहता येईल.

‘कच्चे’ या वर्गाची चिकित्सा

भारताच्या जनगणनेत घराच्या भिंती व छप्पर कोणत्या साहित्याचे आहे याची नोंद घेतली जाते आणि त्यावरून कायमस्वरूपी, अर्ध-कायमस्वरूपी व तात्पुरते असे वर्ग पाडले जातात. गवत, पाने, बोरू, बांबू यांचे छप्पर आणि मातीच्या किंवा कुडाच्या भिंती तात्पुरत्या साहित्यात मोडतात. १९८५ मध्ये सुरू झालेली इंदिरा आवास योजना, २०१६ पासूनची प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण), महाराष्ट्र शासनाची शबरी आदिवासी घरकुल योजना आणि विशेषतः असुरक्षित आदिवासी गटांसाठी २०२३ मध्ये सुरू झालेले पीएम-जनमन अभियान या सर्वांचा पाया ‘कच्चे’ आणि ‘पक्के’ हा भेद आहे. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम व माडिया गोंड या तीन जमाती विशेषतः असुरक्षित गटांत मोडतात. त्यामुळे या भेदाचा कोलामांच्या जीवनाशी थेट संबंध येतो.

या मोजपट्टीने हार्डी यांचे जन्मघर मोजले तर काय होईल? कॉबची भिंत म्हणजे माती. छप्पर म्हणजे तृण. सव्वादोनशे वर्षे उभे असलेले हे घर या वर्गीकरणात ‘तात्पुरते’ ठरेल. हा निष्कर्ष हास्यास्पद वाटत असेल तर दोष घराकडे नसून मोजपट्टीकडे आहे. साहित्याची नोंद करणारे वर्गीकरण घराच्या टिकाऊपणाची नोंद करीत नाही. टिकाऊपणा ही साहित्य, देखभाल, कारागिरी आणि जागेवरील हक्क यांच्या संयोगातून निर्माण होणारी अवस्था आहे.

याचा पुरावा विदर्भातही आहे. शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम आश्रमातील बापू कुटी ही माती, बांबू, लाकूड व कवेलू यांची वास्तू आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या मीराबेन यांच्यासाठी प्रथम उभारलेली ही कुटी पुढे गांधीजींचे निवासस्थान झाली. तिच्या भिंतींवर मातीतच उठावाची चित्रे मीराबेन यांनी काढली. १९७८ मध्ये सेवाग्राम येथे आलेले विचारवंत इव्हान इलिच यांनी या कुटीला आपल्या भाषणाचा विषय केले आणि घर व निवारा यांतील भेद तिच्या आधारे मांडला. बापू कुटीला कोणी ‘कच्चे घर’ म्हणून हिणवीत नाही, कारण तिची नियमित निगा राखणारी व्यवस्था अस्तित्वात आहे. समान साहित्याच्या कोलाम घराला अशी व्यवस्था लाभलेली नाही, एवढाच फरक आहे.

शब्दाच्या इतिहासातही हीच विसंगती दिसते. ‘बंगला’ हा शब्द मुळात बंगालमधील गवती छपराच्या ग्रामीण घरावरून आला. इंग्रज अधिकाऱ्यांनी ते घर आपलेसे केले, त्याला व्हरांडे व प्रशस्त आवार दिले आणि तो प्रकार पुढे इंग्लंडपर्यंत नेला. ॲन्थनी किंग यांनी ‘द बंगलो’ (१९८४) या ग्रंथात या प्रवासाचा सविस्तर इतिहास मांडला आहे. आज मराठीत ‘बंगला’ म्हणजे सधनाचे पक्के घर. ज्या झोपडीने शब्द दिला, ती अर्थातून हद्दपार झाली.

रम्यतेची मर्यादा

वरील विवेचनावरून गवती घर जसेच्या तसे राखावे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. मात्र त्याविरुद्ध सर्वांत बळकट साक्ष हार्डी यांचीच आहे. १८८३ मध्ये ‘लाँगमन्स मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द डॉर्सेटशर लेबरर’ या निबंधात त्यांनी शेतमजुरांच्या बदलत्या जीवनाचे चित्र रेखाटले. मजूर जुन्या चालीरीती व जुनी वेशभूषा सोडीत आहेत, याची हळहळ शहरी रसिकांना वाटते. परंतु प्रेक्षकांच्या सौंदर्यसुखासाठी मजुरांनी मागासलेले राहावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, असा त्या निबंधाचा आशय आहे. याच काळात हेलन ॲलिंगहॅम यांच्यासारखे चित्रकार कॉटेजची नयनरम्य जलरंगचित्रे रंगवीत होते, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. चित्रात गुलाबाच्या वेली दिसतात. ओल, गर्दी आणि गळके आढे दिसत नाही.

हार्डी यांचे स्वतःचे वर्तनही बोलके आहे. वास्तुविशारदाचे शिक्षण घेतलेल्या हार्डी यांनी डॉर्चेस्टरजवळ ‘मॅक्स गेट’ हे विटांचे घर स्वतः आखले आणि १८८५ मध्ये ते तेथे राहावयास गेले. विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये स्थापन केलेल्या प्राचीन इमारतींच्या संरक्षण संस्थेचे सदस्यत्वही त्यांनी स्वीकारले होते. जुन्या वास्तूंविषयी आस्था असणे आणि राहण्यासाठी विटांचे घर निवडणे, यांत त्यांना विरोध वाटला नाही. मग कोलाम कुटुंबाने दरवर्षीच्या शाकारणीच्या कष्टांतून, आगीच्या भीतीतून आणि गळतीतून सुटण्यासाठी स्लॅबचे घर मागितले, तर ते ‘परंपरा विसरले’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो? पर्यटनस्थळी एका रात्रीसाठी गवती ‘कॉटेज’ भाड्याने घेणाऱ्याला तो निश्चितच पोहोचत नाही.

हक्काचा प्रश्न

हार्डी यांच्या कादंबऱ्यांत घर हरवण्याचा प्रसंग पुनःपुन्हा येतो आणि त्याचे कारण क्वचितच छप्पर असते. कारण असते भूधारणेचे. तत्कालीन इंग्लंडमध्ये ठराविक व्यक्तींच्या हयातीपर्यंत चालणारा पट्टा प्रचलित होता. पट्ट्यात नाव असलेली शेवटची व्यक्ती मरण पावली की घर जमीनदाराकडे परत जाई. हार्डी यांचे जन्मघरही अशाच पट्ट्यावर होते. ‘द वुडलँडर्स’ (१८८७) मध्ये एका वृद्धाच्या मृत्यूबरोबर गाइल्स विंटरबोर्नची घरे जातात. ‘टेस’ (१८९१) मध्ये पित्याच्या निधनानंतर डर्बीफील्ड कुटुंब संसार गाडीवर लादून रस्त्यावर येते. घर भक्कम असूनही धारणाधिकार तुटताच ते ‘तात्पुरते’ होते, हे हार्डी यांनी कथेच्या रूपाने दाखविले.

यवतमाळमधील पोडांचा प्रश्न याच जातीचा आहे. अनेक पोड जंगलाच्या कडेला, डोंगरउतारावर वसलेले आहेत. ज्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या वास्तव्य आहे तिचा कागद हाती नसणे, ही तेथील जुनी अडचण. हार्डी यांचे घरही मोकळ्या माळरानाच्या कडेला उभे होते. त्यांच्या ‘डोमिसिलियम’ या प्रारंभीच्या कवितेत त्या परिसराच्या रानवट रूपाचे वर्णन आहे. दोन्ही घरे सामाईक भूमीच्या आधाराने जगली. इंग्लंडमध्ये सामाईक जमिनी कुंपणबंद झाल्या. येथे वनकायद्यांनी जंगल राखीव झाले. गवत व बांबू आणणे हा जीवनक्रम होता, तो परवानगीचा विषय झाला. गवती घराचा ऱ्हास समजून घेताना कुरणांचा, गायरानांचा आणि जंगलातील प्रवेशाचा हा इतिहास वगळता येणार नाही.

वनहक्क कायदा, २००६ या दृष्टीने महत्त्वाचा आहे. या कायद्याने वस्तीच्या व कसण्याच्या जमिनीवरील वैयक्तिक हक्काबरोबरच गौण वनोपजावरील मालकी हक्क मान्य केला आणि गौण वनोपजात बांबूचा स्पष्ट समावेश केला. आदिम जमातींच्या अधिवासाच्या सामूहिक हक्काचीही त्यात तरतूद आहे. २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळण्यात आला. या तरतुदींकडे सामान्यतः उपजीविकेच्या अंगाने पाहिले जाते. त्या वास्तुरचनेच्याही तरतुदी आहेत, हे क्वचितच लक्षात घेतले जाते. ज्या ग्रामसभेला आपल्या जंगलातील बांबू व गवत यांचे नियोजन करता येते, तिलाच घर कशाचे बांधावे याची खरी निवड करता येते.

कारागिरीचा प्रश्नही याला जोडून येतो. यंत्राने कापणी सुरू झाल्यावर व आखूड ताटाचे गव्हाचे वाण आल्यावर इंग्लंडमध्ये छपरासाठी लांब काड मिळेनासे झाले. ‘मॅरिस विजन’सारखे लांब ताटाचे वाण केवळ छपराच्या गरजेपोटी काही शेतकऱ्यांनी टिकवून धरले. म्हणजे छप्पर टिकविण्यासाठी शेत, बियाणे, कुशल कारागीर आणि १९४७ च्या नगररचना कायद्याने आलेली संरक्षित इमारतींची यादी, असे सारे घटक एकत्र यावे लागले. यवतमाळमध्ये गवताचे कुरण, बांबूचे बेट व विणणारे हात यांची अशी सांगड घालणारी यंत्रणा उभी राहिलेली नाही. घरकुल योजनेत कारागिराचे प्रशिक्षण असते ते विटा व काँक्रीट यांचे. कुड व शाकारणी यांना त्यात स्थान नसते.

निष्कर्ष

वरील चर्चेतून पुढील मुद्दे स्पष्ट होतात. पहिला, गवती छपराच्या घराचे आयुष्य साहित्यावरून ठरत नाही. ते शाकारणीच्या अखंडतेवरून ठरते आणि शाकारणीची अखंडता जमिनीवरील हक्क, साहित्याची उपलब्धता व कारागिरी या तिन्हींवर अवलंबून असते. दुसरा, ‘कच्चे-पक्के’ हे वर्गीकरण या तिन्हींपैकी एकाचीही नोंद घेत नाही. म्हणून ते गरजूंची यादी करण्यास उपयोगी असले, तरी वास्तूचे मूल्यमापन म्हणून स्वीकारता येत नाही. तिसरा, जतनाच्या नावाखाली रहिवाशांवर गवती घर लादणे हे त्यांच्यावर स्लॅबचे घर लादण्याइतकेच अनुचित आहे.

या दृष्टीने घरकुलाच्या आराखड्यात काही बदल सुचविता येतात. पक्के जोते व पक्का सांगाडा ठेवून भिंतीसाठी सुधारित कुडाचा आणि छपराखाली बांबूच्या ताटीच्या थराचा पर्याय लाभार्थ्याला उपलब्ध असावा. पुढची छपरी हा नकाशाचा अधिकृत भाग असावा. धूर बाहेर जाईल अशी चूल हा त्यातील अविभाज्य घटक असावा. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या भूगोल, समाजशास्त्र, गृहअर्थशास्त्र व वनस्पतिशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन उभ्या असलेल्या कोलाम घरांची मापे, साहित्य व शब्दसंपदा यांची नोंद केली, तर ते काम या प्रदेशाच्या वास्तुइतिहासाचा पहिला पाया ठरू शकेल. बॉकहॅम्पटनच्या घराची निगा राखण्यास एका मोठ्या साहित्यिकाचे नाव पुरेसे झाले. पोडावरील घराजवळ असे नाव नाही. त्याच्याजवळ मयाल, कुड, वळचण, शाकारणी असे शब्द आणि ते जाणणारी माणसे आहेत. ती माणसे आहेत तोवरच ही नोंद होऊ शकते.